करमतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

आल्यागेल्याचा एकच प्रश्न. "अण्णा, एवढी वर्षं एसटी चालवली, आता दिवसभर घरात करमतं कसं?" विचारतानाच चेहरा असा करतात, की मी आजारी आहे की गेलोय, तेच कळू नये. त्या फिटनंतर डॉक्टरांनी स्टिअरिंग बंद केलं, एकट्यानं लांब जाणं बंद केलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. "नाही करमत" एवढंच ऐकायचं असेल तर पुढं वाचू नका.

या चैत्रात कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराच्या मादीनं घरटं बांधलंय. कोळ्याची जाळी, सालीचे तुकडे, वाळका पाला, बायकोच्या फणीतले केस, मिळेल ते चिकटवून लोंबती पिशवी केलीय. बाजूला दार, दारावर बारकं छप्पर. नर जांभळा, चकचकीत, पण बांधकामाला चोच लावत नाही. डेपोतल्या कंट्रोलरसारखा वर बसून नुसता ओरडतो. तेव्हापासून आमचे कपडे गच्चीवर वाळतात आणि जिना चढायला लागतो म्हणून बोलणी मी खातो.

कढीपत्त्यावर लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या आहेत. लहानपणी हुबेहूब पाखराची शीट, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागनं तांबूस शिंगं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. मी मुद्दाम डिवचतो. या वयात.

दवणा कुंडीत आहे, आणि दवण्यावरनं जोतिबाचं सांगायलाच हवं, कारण तुमच्यापैकी दोघं त्या गाडीत होतात.

मागच्या वर्षी, पाडव्यानंतरचा रविवार. "चला अण्णा, डोंगरावर जाऊन येऊ, जरा हवा लागंल." मला मानानं पुढं बसवलंत. डावीकडं. केर्लीच्या पुढं चढ लागला आणि माझा उजवा पाय ब्रेक शोधायला लागला. खाली नुसतं रबरी मॅट. पोरगं गिअर उशिरा पाडत होतं, इंजिन कण्हत होतं, मी गप्प. एका वळणावर त्यानं हॉर्न दिला नाही. माझा हात आपोआप पुढं गेला आणि डॅशबोर्डवर आपटला. तुम्ही हसलात. वाईट मनानं नाही, तेवढं मला कळतं. मग कुणीतरी दाखवलं, "अण्णा, पांगारा बघा कसला फुललाय!" मी बघितला नाही. मला रस्त्याची कड दिसत होती. फक्त कड. वर गुलाल लावून घेतला, दवणा वाहिला, चांगभलं म्हटलं. उतरताना मागं बसलो आणि डोळे मिटून घेतले. तुम्हाला वाटलं, अण्णांना झोप लागली. त्यानंतर दवाखाना सोडला तर कुणाच्या गाडीत बसलेलो नाही.

भीती म्हणा, ताठा म्हणा. मला दोन्ही चालेल.

ड्युटीवर असतानाचा मी म्हणायचो, कुंड्या ही रिकामटेकड्यांची करमणूक. झाडं बघावीत ती फाल्गुनात, गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरताना. पळस, काटेसावर, पांगारा. आता मी त्याला विचारतो, तुला एक झाड दिसायचं किती वेळ? पुढचं वळण येईपर्यंत. तो म्हणतो, असेल, पण अख्खा घाट माझा होता. यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि अळी दाखवून त्याचं तोंड बंद होत नाही.

काही दुपारी कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. रस्त्यावरनं एसटी गेली की कितव्या गिअरला आहे ते कान आपोआप ऐकतात, आणि मग तासभर घरट्याकडं बघावंसं वाटत नाही. संध्याकाळी पाणी घालायला उठतोच; मोगऱ्याला कळ्या धरल्यात, तो थांबत नाही.

भेटायला जरूर या. फिरवून आणायला म्हणून येऊ नका. आणि पिल्लं उडेपर्यंत मागच्या दारानं या, पुढची तार डोक्याला लागते.