रॅम्प झाला, संडासाचं काय?

आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. मुलाला जन्मतः स्पायना बिफिडा आहे, म्हणजे पाठीचा कणा पोटातच नीट जुळला नाही, पायात ताकद नाही, त्यामुळे व्हीलचेअर. बालवाडी गल्लीतच होती, कुणीतरी उचलून न्यायचं. पहिलीसाठी जवळच्या शाळेत गेलो तर आचार्यबेन, म्हणजे मुख्याध्यापिका, गोड आवाजात म्हणाल्या, "अशा मुलांच्या वेगळ्या शाळा असतात ना, तिथे त्याला जास्त बरं पडेल."

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या मटार सोलता सोलता उसळल्या, "सयाजीरावांनी 1906 साली अख्ख्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं. पोर शाळेत घातलं नाही तर आईबापाला दंड! आणि आता आपण पोर घेऊन दारात उभे, तर शाळाच नको म्हणते?"

तोंडी नकार घेऊन परतायचं नाही, हे मला फिजिओथेरपीच्या रांगेत भेटलेल्या एका आईने शिकवलं. मी अर्ज लिहिला, दिव्यांगत्वाचा दाखला जोडला. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारमान्य शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाने 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत शिकायचं की विशेष शाळेत, ही निवड त्या मुलाची असते. अर्जाच्या शेवटी एकच ओळ घातली: प्रवेश देता येत नसल्यास कारण लेखी द्यावे. पोच म्हणून शिक्का मारून घेतला. आठव्या दिवशी फोन आला, "या."

मग रॅम्प. शाळेला 3 पायऱ्या, म्हणजे 18 इंच उंची. नियम 1:12चा, इंचभर उंचीला फूटभर लांबी, म्हणजे 18 फूट हवी. मिस्त्रीने ओट्यावर स्कूटर चढवायच्या अंदाजाने 6 फुटांत उरकला. पहिल्याच दिवशी खुर्चीची पुढची चाकं हवेत. मी मागे होते म्हणून निभावलं. तोडून वळणाचा केला, मध्ये सपाट जागा ठेवली. उद्घाटनाला ट्रस्टींनी फोटो काढले.

संडासाचा फोटो कोण काढणार? खरी अडचण तिथेच होती. त्याला दर चार तासांनी कॅथेटरने, म्हणजे बारीक नळीने, लघवी काढावी लागते. खुर्ची 21 इंच रुंद, दाराची मोकळी जागा 22. चाक ढकलताना बोटांची सालं निघायची. वहीच्या कडेला रक्ताचे डाग बघून मला कळलं, तो स्वतः बोलला नव्हता. त्याला विचारलं तर म्हणाला, "रॅम्प तोडायला लावला, आता दार पण?" दार पण. आतला कडप्पा काढून सरकतं दार बसवलं, भिंतीला दांडा लावला. पहिली दोन वर्षं मधल्या सुट्टीत मीच जायची. आता तो स्वतःच करतो, आयाबेन फक्त दाराबाहेर थांबतात.

वर्गाचं सोपं निघालं. पुढचा एक बाक काढला, टेबलाच्या पायांना सुताराने ठोकळे लावले, गुडघे आत जाऊ लागले. पोरांना एकच नियम: विचारल्याशिवाय ढकलायचं नाही. तो अर्थातच रोज मोडला जातो, आणि सगळ्यात जास्त हाच मोडायला लावतो.

तिसरीचा वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो अर्ज करून खाली आणवला. पाचवीही वरच आहे. अर्ज तयार आहे, फक्त तारीख घालायची.