उशीतला खळगा

तीन आठवडे खपून केलेलं चित्र होतं ते. अंधारी खोली, तिच्या भिंती कातडीच्या, कोपऱ्याकोपऱ्यांत टाके घातलेल्या. मधोमध लोखंडी पलंग, त्याचे पाय मुळांसारखे फरशीत शिरलेले. उशाशी विझलेली मेणबत्ती आणि वाळूचं घड्याळ. आणि उशीवर कवटी. कवटीवर मी जीव ओतला होता.

चित्र करून घेणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका. आयुष्यभर रात्रपाळ्या केलेल्या. "मी जे पाहिलं ते मांडा, पण गोड करू नका," एवढंच त्यांनी सांगितलं होतं.

त्या दिवशी काम कुठवर आलंय ते बघायला त्या आल्या. बराच वेळ चित्रासमोर उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "छान आहे हो. पण मला भीती नाही वाटली."

माझ्या पोटात खड्डा पडला. मी समजावायला लागले, की सिस्टर, हे सगळं जुन्या परंपरेतलं आहे. १७व्या शतकात डच चित्रकार कवटी, विझलेली ज्योत, साबणाचे फुगे एकत्र मांडून आयुष्य किती क्षणभंगुर आहे ते सांगायचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"असेल. पण एवढ्या वर्षांत मी वॉर्डात कवटी कधी पाहिलीच नाही. पाहिली ती चादर. रात्री ज्याच्याशी बोलले, पहाटे त्याच्या पलंगावर नवी चादर. एक सुरकुती नाही. ती अंथरायचीही मीच. त्या सपाट चादरीची मला अजून भीती वाटते."

मला एकदम जर्मन चित्रकार होल्बाइनचं १५३३ सालचं ते दोन राजदूतांचं चित्र आठवलं. त्यात खाली एक तिरका, ताणलेला डाग आहे. समोरून काही कळत नाही, बाजूला सरकून पाहिलं की कवटी दिसते. पाहणाऱ्याला स्वतः हलावं लागतं, म्हणून ती अंगावर येते. माझी कवटी मात्र समोर ठाण मांडून बसली होती. बघणारा अर्थ ओळखणार आणि पुढे जाणार. प्रतीक उसनं घेतलं की असंच होतं, असं माझं ठाम मत त्या दिवसापासून झालं आहे.

मी पॅलेट नाइफ, म्हणजे रंगकामाची सुरी, उचलली.

इथे रंगाने साथ दिली. कवटीच्या सावल्या मी बोन ब्लॅकने केल्या होत्या. हा काळा खरोखरच हाडं जाळून करतात, आणि तेलात तो फार सावकाश वाळतो. खालचा थर अंबर या तपकिरी मातीच्या रंगाचा होता; त्यात मँगनीज असतं, त्यामुळे तो केव्हाच कडक झाला होता. चार दिवसांची कवटी अजून ओलीच होती. सुरीखाली ती लोण्यासारखी निघत गेली. आधी जबडा, मग डोळ्यांच्या खोबण्या. मेणबत्ती आणि घड्याळ वाळलं होतं, ते नंतर रंगाखाली झाकून टाकलं.

टर्पेंटाइनच्या चिंधीने पुसूनही उशीवर एक करडा, गोलसर डाग उरला. कॅनव्हासच्या विणीत काळा मुरला होता. त्यावर पांढरा चढवायला मी ब्रश उचलला, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, "थांबा. राहू दे तो. डोकं उचललं तरी उशी लगेच वर येत नाही."

मी ब्रश खाली ठेवला. तीन आठवड्यांत मला जे साधलं नव्हतं, ते त्या डागात होतं. मी फक्त त्याच्या वरच्या कडेला थोडा उजेड दिला, बस्स.

मग चादर. माझ्या चादरीचा कोपरा त्यांना पटेना. टेबलावरची स्वच्छ चिंधी घेऊन त्यांनी एका जाड पुस्तकाला ती गुंडाळून दाखवली: कड उचलायची, तिरपी घडी गादीवर टेकवायची, खाली लोंबणारं आत खोचायचं, मग घडी सोडून तीही खोचायची. पाकिटाच्या झाकणासारखा कोपरा तयार झाला. शेवटी त्यांनी तळहाताने वरून एकदा सपाट केलं, आणि हात क्षणभर तिथेच ठेवला.

तो कोपरा मला तिसऱ्या प्रयत्नात जमला. तोवर संध्याकाळ झाली होती. निघताना त्यांनी चित्राचं नाव विचारलं. पोलिश चित्रकार झ्जिस्वाफ बेक्शिन्स्की आपल्या चित्रांना नावं देत नसे, मीही या चित्राला दिलेलं नाही, तसं सांगितलं. त्यांना ते आवडलं.

"वाळायला किती दिवस?"

"उशीत हाडांचा काळा आहे सिस्टर, वेळ लागेल."

"लागू दे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खुर्ची ओढून चित्रासमोर बसल्या.