नांदूर मधमेश्वर : मी पक्षी बघत होते, बाबा गेट बघत होते

खरं सांगायचं तर बाबांना पक्ष्यांमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, तो माझ्यासोबत निफाडजवळच्या या पक्षी अभयारण्यात यायला तयार झाला कारण तिथे गोदावरीवर ब्रिटिश काळातला बंधारा आहे म्हणून. म्हणलं चालेल, निदान गाडीत गप्पा मारायला कोणीतरी.

जानेवारीचा पहिला आठवडा, पहाटे साडेपाचला नाशिकहून निघालो. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात वाचतो आपण, पण ती बोटांना लागल्यावर कळतं की पेपरवाले काही वाढवून लिहीत नाहीत. बाजूला द्राक्षबागा, मग ऊस, परत द्राक्षबागा. उसाच्या पट्ट्यात बिबटे असतात, त्यामुळे बाबांनी मला अंधारात गाडीतून खाली उतरूच दिलं नाही, चहाचा थर्मास मागच्या सीटवर होता तो तिथेच राहिला.

अभयारण्याच्या काठच्या चापडगावला पोचलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. गावातलीच पोरं गाईड म्हणून येतात, स्वतःचा स्कोप (लांबचं बघायची मोठी दुर्बीण) खांद्यावर घेऊन. आमच्यासोबत आलेल्या दादाला मी पहिला प्रश्न विचारला तो सगळेच विचारत असणार, "रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आलेत का?" तो हसला. "ताई, रोहित काही वर्षी येतात, काही वर्षी नाही. आणि आले तरी लांब असतात. तुम्ही आधी वारकरी तर बघा."

वारकरी म्हणजे कूट. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढराशुभ्र टिळा, आणि एकटा कधीच नाही, कायम दिंडीत. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याला माझा दंडवत. शेकड्यांनी होते. अचानक सगळे एकमेकांना चिकटले, पाणी फडफडवायला लागले, मला कळेना काय झालं, तर वरून दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी चालला होता, पंख व्ही आकारात धरून, गवताच्या अगदी जवळून. गर्दीतून एखादाच वेगळा काढणं त्याला अवघड जातं म्हणून हे सगळे एक होतात. तो दोन घिरट्या घालून निघून गेला आणि दिंडी परत पांगली.

टॉवरवर चढलो. आता हे माझं वैयक्तिक मत आहे, पण टॉवरवरून पसारा दिसतो, पक्षी दिसत नाही. म्हणजे गोदावरी आणि कादवा कुठे मिळतात, मधे बेटं कशी झालीयेत, पाणवेली कुठवर पसरलीय हे सगळं एका नजरेत येतं आणि त्यासाठी एकदा चढायलाच पाहिजे. पण बदकं म्हणजे नुसते ठिपके. मी लेन्स लावून खटाखट फोटो काढत होते आणि बाबा विचारत होते, "इथे खोली किती असेल?"

दादाला माहीत होतं. "काका, बऱ्याच ठिकाणी गुडघाभर पण नाही. सगळा गाळ."

झालं, बाबांची गाडी सुरू झाली! नदीला बांध घातला की पाण्याचा वेग मरतो, वेग मेला की गाळ बसतो, वर्षानुवर्षं बसत राहतो, बंधाऱ्याची साठवण कमी होते. आम्ही आयुष्यभर गाळाला शिव्या घातल्या, म्हणे. दादा म्हणाला, "काका, तोच गाळ नसता तर इथे पक्षी नसते." बाबा गप्प. मग खाली उतरून काठाने निघालो तेव्हा ते प्रत्येक पक्ष्याला एकच प्रश्न विचारायला लागले, याला किती पाणी लागतं?

आणि गंमत म्हणजे तो प्रश्न बरोबर होता. शेकाट्याचे लाल पाय लांबलचक, तो वीतभर पाण्यात निवांत चालतो. चमचा नावाचा पक्षी आपली चपटी चोच अर्धवट उघडून डावीकडे उजवीकडे फिरवत जातो, काही लागलं की मिटतो. थापट्या बदक चोच पाण्याला टेकवून गाळत गाळत पोहतो, त्याच्या चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात. तलवार बदक शेपूट वर करून उलटं होतं, मानेची पोच असेल तेवढंच खोल. म्हणजे पाणी हातभर वाढलं तर निम्म्यांचं ताट उचललं गेलं. चित्रबलाक आणि हळदी-कुंकू बदक (हे नाव मोठ्याने म्हणून बघा, चोचीच्या टोकाला हळद आणि मुळाशी कुंकू!) यांच्याजवळ आम्ही अर्धा तास उभे होतो, ऊन पाठीशी घेऊन. मधे मी पुढे सरकायला गेले आणि घोट्यापर्यंत चिखलात. बूट निघाला, मोजा आतच राहिला.

परतताना बाबांनी बंधाऱ्यावर थांबायला लावलंच. वर गंगापूर, दारणा धरणांतून पाणी सुटलं की इथली पातळी चढते, डावा आणि उजवा कालवा ओढून घेतात तशी उतरते (शेतीसाठी कालव्यात ठरावीक दिवस पाणी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात). ते मला कालव्याचं तोंड आणि तिथलं पाणी सोडायचं गेट दाखवत होते आणि मला तेव्हा लक्षात आलं की इथलं पक्ष्यांचं टाइमटेबल हिमालयापलीकडून जितकं ठरतं तितकंच या गेटवरून ठरतं. 1986 साली अभयारण्य झालं, 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून नाव लागलं, पण पाणी शेतीचंच आहे, ते शेतीच्या हिशोबानेच सुटणार. त्यात मला काही वाईट वाटलं नाही. बंधारा नसता तर ही दलदलही नसती.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, उजाडायच्या आत पोचा, भडक कपडे नकोत, आणि जादाचे मोजे घ्या.

रोहित दिसले नाहीतच. परवा बाबांचा फोन आला, मला वाटलं गॅस सिलेंडरचं काही असेल. तर म्हणाले, "अगं, आवर्तन संपलंय. चिखल उघडा पडला असेल. रविवारी येतेस का?"