प्रयोगशाळेच्या पॅसेजमध्ये चित्रं लावताना

आजची नोंद जागेपासूनच. संशोधन संस्थेत प्रदर्शन भरवायचं ठरलं की पहिलं नाव निघतं ते सभागृहाबाहेरच्या लॉबीचं. जागा ऐसपैस, पाहुण्यांना दाखवायला सोयीची. पण परिषद नसली की तिथे चिटपाखरू नसतं. इथला खरा प्रेक्षक कँटीनला, ग्रंथालयात किंवा द्रव नायट्रोजन आणायला रोज त्याच पॅसेजमधून जाणारा माणूस. तो चित्र बघायला आलेला नसतो. म्हणून तो एरवीही जिथे रेंगाळतो, म्हणजे लिफ्टसमोर किंवा चहाच्या यंत्रापाशी, तिथे भिंत शोधावी. तेच काम त्याला महिनाभर दिसणार, त्यामुळे पहिल्या नजरेत संपणारं चित्र इथे फिकं पडतंच.

ज्या संस्थांमध्ये कला रुजली तिथे ती मुळातच हिशेबात धरलेली होती. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तिचे संस्थापक होमी भाभांनी इमारतीच्या खर्चातला 1 टक्का कलाकृतींसाठी वापरण्याची परवानगी मिळवली. ते स्वतःही चित्रं काढत. अमेरिकेतल्या फर्मिलॅब या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन तर शिल्पकारच. आवाराच्या प्रवेशावरचं 1978 चं पोलादी शिल्प त्यांचंच. असा संचालक दर वेळी मिळत नाही, पण अंदाजपत्रकात खर्चाचं वेगळं शीर्षक मिळवता येतं. ते नसेल तर 'उरलेल्या पैशात बघू' होतं, आणि उरत काहीच नाही. वाहतूक, फ्रेमिंग, विमा मिळून रक्कम बऱ्याचदा कलाकाराच्या मानधनापेक्षा जास्त होते, हे पहिल्याच बैठकीत सांगावं.

मग प्रकाश. तो लक्स या एककात मोजतात. कागदावरचं काम, जलरंग, कापड यांना 50 लक्स पुरे. तैलरंगाला 200 पर्यंत चालतं. मोजायला साधं लक्स मीटर हवं, डोळ्यावर विसंबू नये. गोम वेगळीच आहे: पॅसेजचे दिवे रात्रभर चालू असतात. 8 तास उघड्या गॅलरीत 50 लक्सने जितका रंग उडेल, त्याच्या तिप्पट मारा इथे 24 तासांत होतो. उपाय दोन: हालचाल टिपून लागणारे दिवे, नाहीतर मूळ चित्राऐवजी चांगली प्रिंट. मूळच हवं असा हट्ट असेल तर प्रदर्शनाचे दिवस कमी करावेत.

भिंतीत काय दडलंय ते नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. गॅसच्या नळ्या, डेटा केबल, कधी नुसता जिप्सम बोर्ड. शेजारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक असेल तर ड्रिलचा हादरा थेट प्रतिमेत उमटतो, आणि ज्याची रात्रभराची मोजणी वाया गेली तो शास्त्रज्ञ पुढच्या प्रदर्शनाला हमखास विरोध करतो. छताजवळ एकदाच रेल बसवून घ्यावी, तीही देखभालीसाठी यंत्रं बंद असतील त्या दिवशी. पुढे सगळं तारेवर लटकतं. प्रत्येक फ्रेमला दोन तारा, चित्राचा मध्य जमिनीपासून 145 ते 150 सेंटीमीटरवर. दार आपटलं की फ्रेम तिरक्या होतात. खालच्या कोपऱ्यांमागे रबरी बटणं चिकटवली की थांबतं.

एनएमआर म्हणजे ताकदवान चुंबक वापरून रेणूंची रचना तपासणारं यंत्र. त्याच्या खोलीजवळ चुंबकाची 5 गॉसची (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) रेषा आखलेली असते. तिच्या आत लोखंडी काही नेऊ नये, आणि प्रेक्षकांची वाटही तिथून काढू नये. चुंबक पेसमेकर बिघडवू शकतो, आणि पेसमेकरवाले कोण ते चेहऱ्यावरून कळत नाही. क्लीनरूमच्या, म्हणजे धूळ येऊ न देणाऱ्या खोलीच्या, बाजूला कोळसा, पेस्टल, सुटे तंतू नकोत. आणि वनस्पती किंवा कीटकांचे नमुने जपणाऱ्या इमारतीत कच्चा बांबू आणि सुक्या बियांची मांडणी म्हणजे किडीला आमंत्रणच.

सुरक्षा अधिकाऱ्याला शेवटी भेटणारे बरेच जण असतात. पॅसेज ही आगीच्या वेळची सुटकेची वाट. तिथे स्टँडवरचं शिल्प शेवटच्या दिवशी नाकारलं जातं, आणि ते बरोबरच असतं. त्यालाच पहिल्यांदा भेटावं. व्हिडिओ असेल तर फाइल पेनड्राइव्हवरून चालवावी, संस्थेचं नेटवर्क बाहेरचं यंत्र घेत नाही. आवाजाचं काम स्वागतकक्षाजवळ तर नकोच. आठ तास तोच तुकडा ऐकणाऱ्या माणसाची दया करावी.

कार्यक्रमांबद्दल एवढंच: व्यासपीठ, दीपप्रज्वलन, आभार यांत वेळ घालवण्यापेक्षा चहाच्या वेळी चित्रासमोर अर्धा तास उभ्याने बोलणं जास्त जमतं. कलाकार महिनाभर राहणार असेल तर त्याला प्रयोगशाळेचं सुरक्षा प्रशिक्षण, ओळखपत्र आणि एक जबाबदार शास्त्रज्ञ हवा. 'आमच्या गटाचं पोस्टर करून द्या' ही विनंती त्याच्यापर्यंत पोहोचूच देऊ नये. अप्रकाशित प्रयोगाच्या प्रतिमा त्याच्या कामात येणार असतील तर लेखी परवानगी आधी घ्यावी. पेटंटचा अर्ज बाकी असताना भिंतीवर लावलेला फोटोही जाहीर प्रकटन, म्हणजे शोध आधीच उघड करणं, ठरू शकतो.

उतरवतानाही घाई होते. चित्र आलं तेव्हाचे फोटो हाताशी ठेवून, भिंतीवर असतानाच चारही कोपरे तपासावेत, मगच तार सोडावी. एकदा पेटीत गेल्यावर ओरखडा इथला की वाटेतला, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही.