सड्यावरून बंदराकडे उतरणारी वाट

12 ऑक्टोबर, रविवार

रत्नागिरी जिल्ह्यातल्या तवसाळच्या बंदराकडे उतरणारी जुनी वाट आज शेवटपर्यंत चालून आले. सड्यापर्यंत, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारापर्यंत, ठीक आहे. सडा ओलांडून घळीत शिरलं की पऱ्ह्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत, मात्र वाट दिसतच नाही, रानमोडीची झुडपं डोक्यावर गेली आहेत. पऱ्ह्यापलीकडे झाडांची सावली दाट आहे, तिथे पुन्हा सापडते. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम इथेच झालं. मला मात्र पाहिलेलं सगळं लिहून ठेवायचं आहे, कारण ही वाट पायाखालून ओळखणारी माणसं आता वाडीत फार थोडी राहिली आहेत.

डांबरी रस्ता येण्याआधी आमच्या वाडीचं सगळं दळणवळण याच वाटेने व्हायचं. खाडीपलीकडे जयगडला जायचं तर खाली उतरायचं आणि तरीत, म्हणजे होडीत, बसायचं. आता तिथे फेरीबोट आहे, तिच्यात गाड्यासुद्धा चढतात. पण बंदरावर जाणारा माणूस गाडीने वळसा घालून जातो. उतरणीवर कुणी येतच नाही.

सोबत तात्या होते, माझे चुलते. सत्तरी ओलांडली तरी कमरेच्या आकडीत कोयता अडकवून पुढे तेच. मागे भाचा. देवळामागच्या पाखाडीने निघालो. जांभ्याच्या पायऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी मधोमध खोलगट झाल्यात आणि त्या खोलग्यात पाणी धरून शेवाळ माजलं आहे. पावसाळा सरला तरी सकाळच्या वेळी ते बुळबुळीतच असतं. पाय कडेला टाकावा, मध्ये टाकू नये. तात्या काही न बोलता तसेच चढत होते, आम्ही त्यांच्या पावलावर पाऊल टाकत गेलो.

सड्यावर गवत कमरेला लागतं. वरून पिवळं पडायला लागलंय, बुंध्याशी अजून ओल आहे. पावसातली फुलं बहुतेक संपली, ओलसर खळग्यांतून गेंदाचे थोडे पांढरे गोळे तेवढे राहिलेत. इथे वाट बुजायची भीती नाही. ती कातळातच उमटलेली आहे. दोन्ही बाजूंचा दगड काळा, खडबडीत, त्यावर दगडफुलाचे डाग. आणि मधून वीतभर रुंदीचा, फिकट, गुळगुळीत घासलेला पट्टा. गवत हाताने बाजूला सारत त्या पट्ट्यावर नजर ठेवली की चुकायला होत नाही.

त्या पट्ट्याच्या कडेलाच फुरसं होतं. तात्यांनी हात आडवा केला आणि आम्ही थांबलो. जेमतेम दीड वीत लांबी, मातकट रंग, पाठीवर पांढुरकी नागमोडी नक्षी. ते पळालं नाही. फुरसं सहसा पळतही नाही. वेटोळं करतं आणि अंगावर अंग घासून खरवडल्यासारखा आवाज करतं. तो आवाज मी आज इतक्या जवळून ऐकला की अजून कानात आहे. आम्ही चार पावलं मागे आलो, गवत नसलेल्या उघड्या कातळावरून वळसा घातला, आणि त्याला तिथेच राहू दिलं. मारायचं कारण नव्हतं. सड्यावर येणाऱ्याने एवढं पक्कं ठरवावं की जिथे पाय पडणार ती जागा आधी डोळ्यांनी दिसली पाहिजे, आणि दगडाखाली हात घालायचा नाही. काठी आपटत गेल्याने पुष्कळ साप बाजूला होतात, पण फुरशाच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. चावलंच तर घट्ट बांधणं नको, कापणं नको, मांत्रिक तर नकोच. अंग हलू न देता थेट दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी एकच प्रतिविषाची लस असते, त्यामुळे कुठला साप होता हे बघत बसण्यात वेळ घालवण्याची गरज नाही.

विंचवाचंही तेच. कोकणातला लाल विंचू पूर्वी लहान मुलांचे जीव घ्यायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसीन हे औषध त्यावर लागू पडतं हे दाखवून दिलं आणि चित्र पालटलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी त्यांचं नाव अजून आदराने येतं, आणि ते योग्यच आहे.

सडा संपला आणि घळीचं तोंड आलं. इथे थांबून आम्ही तिघेही नुसते बघत राहिलो. हिरवी भिंत. पुढे काही नाही.

रानमोडी ही इकडची वनस्पती नव्हे, मूळची अमेरिकेतली. त्रिशूळासारख्या तीन शिरा असलेलं पान, चुरगाळलं की उग्र वास. एकमेकींच्या अंगावर रेलत ती अशी वाढते की खाली उजेड पोचत नाही, आणि दुसरं काही उगवत नाही. थंडीत फुलते, पुढे तिचं हलकं बी वाऱ्यावर उडून सगळीकडे जातं. उन्हाळ्यात तीच वाळून काड झाली की वणव्याला आयतं सरपण. म्हणून तिला हात घालायचा तर आत्ता, फुलायच्या आधी. जमीन अजून ओली आहे. तात्यांनी एक झुडूप बुडाशी धरलं, तिरकं ओढलं, आणि तांबड्या मातीच्या गोळ्यासकट गड्डा वर आला. डिसेंबरात हेच करायला गेलं तर खोड हातात येतं, गड्डा जमिनीतच राहतो आणि पावसाबरोबर दुप्पट फुटतो. जिथे उपटता येत नाही तिथे जमिनीलगत तोडावं, वीतभर वर नाही. तिरका तोडलेला खुंट सुळ्यासारखा उभा राहतो आणि चपलेच्या तळातून आरपार घुसतो.

घळीत फसवणूक करतात त्या डुकरांच्या वाटा. झुडपांखालून बोगद्यासारख्या गेलेल्या, खालची माती तुडवून मऊ केलेली, अगदी वापरातल्या वाटेसारख्या दिसतात. पण मान वर करून पाहिलं की कळतं, गुडघ्याच्या वर सगळं बंद आहे. माणसांनी पाडलेली वाट उतार आडवा कापत जाते, मोठ्या झाडाच्या वरच्या अंगाने जाते, आणि तिच्या खालच्या बाजूला कुठे ना कुठे गडग्याचे, म्हणजे दगडी बांधाचे, दगड सापडतात. तात्या त्या दगडांच्या भरवशावर चालत होते. पानं बाजूला सारायचे, पायाने चाचपायचे, “हा बघ,” म्हणायचे आणि पुढचं पाऊल टाकायचे. डुकरांच्या वाटेवर शिरू नये याला आणखी एक कारण आहे. तिथे तारेच्या फासक्या लावलेल्या असतात. आज भाच्याला एक दिसली, गंजलेली, पण फास शाबूत. ती आम्ही सोडवून आणली.

बाकी त्रास नेहमीचे, पण एकदम अंगावर येणारे. ओंबिलांची, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांची, घरटी बरोबर तोंडाच्या उंचीवर. पानं विणून केलेला हिरवा गोळा दिसला की फांदीला धक्का लावू नये. गांधीलमाश्यांची पोळी या दिवसांत मोठी झालेली असतात आणि झुडपांत खालीच असतात, म्हणून कोयता मारायच्या आधी क्षणभर थांबून ऐकावं. खाजकुयलीला आत्ता जांभळ्या फुलांचे घोस आहेत, बघायला सुंदर. नोव्हेंबरनंतर शेंगांवरची सोनेरी लव वाऱ्यानेही उडते. अंगावर पडलीच तर चोळू नये, चिकटपट्टी लावून उचटावी. गोचिडींसाठी बाह्या आणि पायजमा पूर्ण हवा. दक्षिणेला दोडामार्ग तालुक्यात 2016 साली माकडतापाने माणसं दगावली, तो ताप गोचिडींतूनच येतो. घरी आलं की आधी कपडे गरम पाण्यात आणि मग अंघोळ.

घळीच्या मध्यावर ऐनाचं एक मोठं झाड आडवं पडलं आहे, मे 2021 च्या तौक्ते वादळातलं. भाच्याला ते करवतीने कापून वाट सरळ करायची होती. मला ते तसंच राहिलेलं बरं वाटतं. वरून वळसा घालायला जागा आहे, खोडाच्या आडोशाला माती अडली आहे, आणि त्या मातीत ऐनाचीच रोपं वर आली आहेत. ती मोठी झाली की सावली देतील, आणि सावलीत रानमोडी जगत नाही. पऱ्ह्यापलीकडे हेच डोळ्यांना दिसतं. तिथे किंजळ, आंबा, जांभूळ यांचं छत मिटलेलं आहे आणि खाली नुसता पाचोळा. कोयता काढावाच लागला नाही. फक्त कोळ्यांची मोठाली जाळी वाटेवर आडवी होती, एकही तुटलेलं नाही. आमच्याआधी बऱ्याच दिवसांत तिथून कुणी गेलेलं नाही.

ही वाट मोडली कशाने? तात्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “गुरं गेली गो, तेव्हाच गेली वाट.” मला ते पटतं. पूर्वी घरटी चार-सहा जनावरं रोज सड्यावर जायची यायची. बायका फाटी, म्हणजे जळणाची लाकडं, आणायच्या. उन्हाळ्यात भाजावळीसाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, कवळं म्हणजे पानांसकट डहाळ्या तोडल्या जायच्या, त्यामुळे वाटेच्या दोन्ही अंगांना झाडं आपोआप छाटलेली राहायची. वाट साफ करायची म्हणून वेगळं काम कुणी काढत नसे. आता घरोघरी गॅस आहे, आणि बायकांच्या डोक्यावरचा भारा उतरला याचा मला आनंदच आहे. पण माणसंही गेली. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 17 लाखांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. राज्याची वाढत असताना आमची घटली. आमच्या वाडीतली बंद घरं बघितली की हा आकडा समजवावा लागत नाही.

गणपतीत आलेल्या काही मंडळींचं म्हणणं होतं की जेसीबी लावा, अर्ध्या दिवसात रस्ता मोकळा होईल. त्यांना गावाची कळकळ आहे, त्यात शंका नाही. पण मला हे मुळीच मान्य नाही. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे. त्या उतारावरची तांबडी माती एकदा उकरली की दोन पावसांत पऱ्ह्यात येईल, आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर सगळ्यात आधी उगवेल ती रानमोडीच. तणनाशक मारायचंही सुचवलं होतं कुणी. तो पऱ्ह्या खालच्या वाडीच्या विहिरीला पाणी देतो. नको. डोक्यावर भारा घेतलेलं माणूस जाईल एवढी रुंदी पुरे, आणि तीही कोयत्यानेच. करवंद, कुडा, ऐनाची रोपं राखायची, रानमोडी आणि घाणेरी काढायची.

खाली खाडीकाठाला एका कलमांच्या बागेला नवी काटेरी तार आली आहे, नेमकी वाटेवर. आमच्या जिल्ह्यात सरकारी जंगल नावालाच, रान म्हटलं की ते कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं असतं. मालक बागेतच होते. तात्यांनी त्यांना बसून वाट कुठून कुठे जायची ते सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि त्या जागी बांबूचं बेडं, म्हणजे उघडझाप करता येणारं फाटक, बसवायला तयार झाले. शेताकडे जाण्याची वहिवाट कुणी अडवली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाता येतं, हे मला माहीत होतं. ते काढावं लागलं नाही, याचं फार बरं वाटलं.

13 ऑक्टोबर, सोमवार

पिंढऱ्या भरून आल्यात, हातावर ओरखडे आहेत. तात्या सकाळीच गोठ्यात कोयत्यांना धार लावत बसले होते.

शाळेतल्या बाईंशी बोलले. वरच्या वर्गातल्या मुलांना सड्यापर्यंत तरी घेऊन येऊ म्हणाल्या, कातळावरचा तो घासलेला पट्टा त्यांना दाखवायचा आहे. घळीत मुलांना न्यायचं नाही, हे दोघींनी ठरवून टाकलं.

घळीतलं काम भाऊबीजेनंतरच्या रविवारी. चाकरमानी परतायच्या आत जेवढे हात मिळतील तेवढे. पहाटे नको, दव सुकल्यावर निघायचं. प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचा सदरा, पायात बूट, जाड हातमोजे. वरून खाली यायचं. उपटलेली रानमोडी वाटेवर न टाकता खालच्या अंगाला मुळं वर करून रचायची, म्हणजे ती पुन्हा रुजणार नाही. पेटवायची अजिबात नाही. काकूने पेज आणि सुकटाची चटणी कबूल केली आहे. एवढं झाल्यावर पंधरवड्यातून एकदा कुणीतरी बंदरापर्यंत उतरायचं, कामासाठी किंवा बिनकामाचं, पण पायी. पहिली पाळी मी घेतली आहे, दुसरी भाच्याने. तिसरीसाठी माणूस शोधते आहे.