लिंबूपाण्यानंतरचा अर्धा तास

उपवन तलावाभोवती सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींमध्ये आरोग्याची जेवढी चर्चा होते, तेवढी ठाण्यातल्या एखाद्या दवाखान्यातही होत नसेल. त्या चर्चेत एकमताने मंजूर झालेला उपाय म्हणजे उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू. त्याने वजन, पोट आणि त्वचा या सगळ्यांचे भले होते असे मानले जाते. मात्र ते पाणी ज्या दातांवरून आत जाते त्यांची चौकशी कुणी करत नाही. ते घोटघोट चवीने प्यायचे आणि लगेच खसाखसा दात घासायचे, असा अनेकांचा क्रम असतो. दातांच्या दृष्टीने याहून वाईट क्रम शोधूनही सापडायचा नाही.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि शरीरात त्याहून कठीण काही नाही. परंतु ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे हाड सांधते किंवा जखम भरते तसे झिजलेले इनॅमल पुन्हा भरून येत नाही. तोंडातला सामू, म्हणजेच पीएच, साधारण ५.५च्या खाली उतरला की त्यातले कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते तीनच्या दरम्यान असतो आणि कोला पेयेही त्याच पंगतीत बसतात. दही आंबट असूनही फारसे दोषी ठरत नाही, कारण कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात आधीच भरपूर असतात. दहीभातावर जगणाऱ्यांवरची ही मेहेरबानी मला फार आवडते.

कीड ही साखरेवर पोसणाऱ्या जीवाणूंची करणी असते. या झिजेत त्यांचा हात नसतो, आम्ल थेट दातावरच काम करते, म्हणून अत्यंत स्वच्छ दातांचा माणूसही यातून सुटत नाही. आम्लाने मऊ पडलेला थर त्याच वेळी ब्रशखाली आला तर तो निघूनच जातो. लाळ आम्ल शमवते आणि मऊ थराला थोडे खनिज परतही देते, पण त्यासाठी तिला वेळ लागतो. म्हणून दंतवैद्य साध्या पाण्याने चूळ भरून अर्धा ते एक तास थांबायला सांगतात. माझ्या मते त्याहून सोपे म्हणजे आधी दात घासावेत आणि मग लिंबूपाणी प्यावे.

माझ्या मावशींना गार पाणी झोंबू लागले, तेव्हा नौपाड्यातल्या दंतवैद्य बाईंनी वरच्या पुढच्या दातांच्या मागे आरसा धरला आणि विचारले, “काकू, रात्री आडवं झाल्यावर घशाशी आंबट येतं का हो?” मावशी चकित झाल्या. जठरातले आम्ल लिंबाहूनही तीव्र असते आणि वर आले की बहुधा याच आतल्या बाजूला झीज करते. त्यात झोपेत लाळही कमी सुटते. त्यामुळे दातांच्या उपचाराची पहिली चिठ्ठी पोटाच्या डॉक्टरांच्या नावे लिहिली गेली. आंबट पाणी घशाशी आले तर ब्रश न उचलता, चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरायची, ही दुसरी सूचना.

मावशींची अपेक्षा मात्र दातांवर काहीतरी बसवून मिळावे अशी होती. बाईंनी फ्लोराइडचे व्हार्निश लावले, ठणका कमी करणारी पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट आणि मऊ ब्रश लिहून दिला, आणि ज्या एका दातावर आतले पिवळसर डेंटिन उघडे पडले होते तिथे दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट भरले. कॅप बसवायची तर उरलेला चांगला दातही कोरावा लागतो, म्हणून तो मार्ग त्यांनी सर्वांत शेवटी ठेवला. पुढच्या आम्लाचा बंदोबस्त न करता महागड्या कॅपा बसवण्यापेक्षा हा संयम मला अधिक मोलाचा वाटतो.

याचा अर्थ आंबट वर्ज्य करावे असा नाही. मिसळीवर पिळलेले लिंबू जेवणाबरोबर पोटात जाते आणि पुढे काही तास लाळेला मोकळीक मिळते. कार्यालयाच्या टेबलावर सरबताची बाटली ठेवून दर थोड्या वेळाने घोट घेणाऱ्याच्या तोंडात मात्र ती सवड कधी येतच नाही. किती प्यायले यापेक्षा कितीदा प्यायले हे इथे जास्त महत्त्वाचे आहे.

मावशींच्या दातांचे फोटो आणि साचे बाईंनी जपून ठेवले आहेत. सहा महिन्यांनी नवे साचे घेऊन त्यांच्याशी ताडून पाहायचे, आणि फरक दिसला नाही तर तपासणीची फी घेऊन काहीही न करता घरी पाठवायचे, असे त्यांनी आधीच सांगून टाकले आहे. मावशींना हा व्यवहार अजून पटलेला नाही.