शोषण तेच, पण उजेड नाही

एप्रिलमधल्या एका उकाड्याच्या दुपारी आमच्या पदव्युत्तर वर्गाचे क्विनाइन सल्फेटच्या प्रतिदीप्तीचे, म्हणजे शोषलेला प्रकाश वेगळ्या रंगात परत सोडण्याचे, प्रात्यक्षिक चालू होते. विरल सल्फ्युरिक आम्लात विरघळलेले क्विनाइन सुमारे ३५० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषते आणि सुमारे ४५० नॅनोमीटरला निळा प्रकाश सोडते. मधल्या फरकाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने द्रावणात मुरते. भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने १८५२ साली याच निळ्या उजेडाचा अभ्यास करून तरंगलांबीतला हा बदल मांडला होता.

आगरवाड्याच्या एका विद्यार्थिनीचे द्रावण मात्र फ्लुओरोमीटरमध्ये, म्हणजे हा उजेड मोजणाऱ्या यंत्रात, जवळजवळ शून्य वाचन देत होते. दिवा आणि क्युव्हेट (द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक कुपी) तपासून झाले, त्यात काही दोष नव्हता. मग मी तिला त्याच द्रावणाचे शोषण मोजायला सांगितले, आणि ते इतरांच्या द्रावणांइतकेच भरले. मला अजूनही तो क्षण आठवतो: रेणू तेवढेच होते, प्रकाश तेवढाच गिळत होते, पण परत काही देत नव्हते.

कारण आम्लाच्या बाटलीत सापडले. दमट हवेने तिची चिठ्ठी पुसट झाली होती, आणि आत सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक आम्ल होते. क्विनाइनचा उत्तेजित रेणू सुमारे २० नॅनोसेकंद त्या अवस्थेत राहतो. शोषणाला लागणाऱ्या वेळाच्या तुलनेत हा काळ प्रचंड मोठा आहे. तेवढ्यात या आम्लातला क्लोराइड आयन त्याला येऊन भिडतो आणि प्रकाश बाहेर पडण्याआधीच त्याची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. शोषण या टकरीच्या आधीच उरकलेले असते, म्हणून त्यात फरक पडत नाही.

"मॅडम, मग मिठानेही हे व्हायला हवे," ती म्हणाली. तिच्या घरचे मिठागर आहे, आणि कैरीबरोबर खायला आणलेली आगरातल्या मिठाची पुडी तिच्या पिशवीत होती. अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या, योग्य आम्लात केलेल्या द्रावणात तिने चिमूटभर मीठ टाकून ढवळले, आणि ती निळाई आमच्या डोळ्यांदेखत मावळली. दोष सोडियमचा नाही ना, हे पाहण्यासाठी दुसऱ्या चंचुपात्रात सोडियम सल्फेट टाकले. ते तसेच चमकत राहिले. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात इतका स्वच्छ पडताळा मी क्वचितच पाहिला आहे.

पुढच्या आठवड्यात तिने मिठाचे प्रमाण पायरीपायरीने वाढवत वाचने घेतली. मूळ तीव्रतेला प्रत्येक वाचनाने भागून आलेले गुणोत्तर क्लोराइडच्या संहतीसमोर मांडल्यावर आलेखावर सरळ रेषा उमटली, आणि त्याच रेषेवरून घरच्या आगरातल्या पाण्याचे क्लोराइड मोजायचे तिने ठरवले. ते पाणी मात्र आधी भरपूर विरल करावे लागणार होते.